शर्यत सुटल्यावरचं आयुष्य

आम्ही राहतो त्या मँचेस्टरमध्येच ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्याच्या नशिबाने कलाटणी घेतली. 24 जुलै 1926 रोजी बेल व्हू स्टेडियममध्ये विजेवर धावणाऱ्या नकली सशामागे ग्रेहाउंड सोडले गेले. गोल ट्रॅकवर अशी शर्यत ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच होत होती. मिस्टली नावाच्या कुत्र्याने 440 यार्ड 25 सेकंदांत कापले. बघायला माणसं होती जेमतेम 1,700. पुढच्या काही आठवड्यांत मात्र तिथे हजारोंची रीघ लागली.

त्याआधी ग्रेहाउंड पळवणं हा जमीनदारांचा शौक होता. मोकळ्या रानात खरा ससा उठवायचा आणि त्याच्यामागे दोन कुत्रे सोडायचे. लिव्हरपूलजवळचा वॉटर्लू कप 1836 पासून याच पद्धतीने चालायचा. जिवंत सशांचे हाल टळावेत म्हणून अमेरिकेत ओवेन स्मिथने यांत्रिक ससा तयार केला आणि तोच इथे आला. गिरणी कामगाराला तो पावला. घोड्यांच्या शर्यती भरदुपारी, शहराबाहेर व्हायच्या आणि मैदानाबाहेर रोख पैसे लावणं हा गुन्हा होता. कुत्र्यांची शर्यत मात्र संध्याकाळी, गावात, ट्रॅमच्या अंतरावर व्हायची आणि तिथे लावलेली पैज कायदेशीर होती. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रेहाउंडांची डर्बी ही मोठी शर्यत जिंकणारा मिक द मिलर हा कुत्रा तर घराघरांत पोचला. पेंढा भरलेलं त्याचं शरीर ट्रिंगच्या संग्रहालयात आजही आहे.

हा इतिहास मी वाचायला घेतला तो सासूबाईंच्या फोनमुळे. निवृत्त ग्रेहाउंड घरी आणायचा आमचा विचार कानावर गेला तशा त्या लातूरहून म्हणाल्या, "लेकरू घरात असताना शिकारीचं कुत्रं? नको गं बाई." त्यांच्या डोळ्यांसमोर तिकडच्या जानवळची कारवानी जातीची कुत्री होती. तीच सडपातळ कंबर, तेच लांब तोंड. पण कारवानी परक्याला अंगाला हात लावू देत नाही. शेत आणि वाडा राखण्यात त्याच्या पिढ्या गेल्या. ग्रेहाउंडचं उलटं आहे. ट्रॅकवर दर शर्यतीआधी अनोळखी माणसं त्याचं वजन करतात, कानात गोंदलेली अक्षरं तपासतात, पाय चाचपतात, अंगावर नंबराचं जाकीट चढवतात. चावरा कुत्रा या धंद्यात चालणारच नाही. त्याचा गरीब स्वभाव या धंद्यातूनच आलाय, असं माझं ठाम मत आहे.

आणि त्याचं बावचळणंही त्यातूनच आलंय. निवृत्त ग्रेहाउंड दत्तक देणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी आम्हाला एक काळा कुत्रा दाखवला. मांड्यांच्या मागचे केस झडून कातडी उघडी पडली होती. ऑफिसच्या जिन्याशी आल्यावर त्याने पुढचा एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, बाईंकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिला. वर कसं जायचं हे त्याला कळेना. बाईंनी त्याचे पाय एकेक करून हाताने पुढे ठेवले. ब्रिटनमध्ये शर्यतीत पळणारे बहुतेक ग्रेहाउंड आयर्लंडमध्ये जन्मतात आणि केनेलमध्ये वाढतात. घर, जिना, काचेचं दार, वॉशिंग मशीनचा आवाज त्यांना ठाऊकच नसतो.

चौथ्या-पाचव्या वर्षी, कधी त्याच्याही आधी, शर्यत संपते. आयुष्य बारा-तेरा वर्षांचं असतं. उरलेल्या वर्षांचं काय, याचा विचार धंद्याने फार उशिरा केला. निवृत्त कुत्र्यांना घरं मिळवून देणारा ट्रस्ट उभा राहिला 1975 मध्ये, म्हणजे बेल व्हूच्या पहिल्या शर्यतीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. 2006 मध्ये डरहॅम परगण्यातल्या सीहॅमची बातमी फुटली. तिथे एक माणूस वर्षानुवर्षं पैसे घेऊन धडधाकट ग्रेहाउंड मारून पुरत होता. ती बातमी वाचून मला रात्री झोप लागली नाही. 2020 मध्ये प्रत्येक कुत्र्यामागे त्याच्या पुनर्वसनासाठी 400 पौंड आधीच बाजूला ठेवण्याची योजना आली. त्याच वर्षी बेल व्हूची शर्यत कायमची बंद झाली. वेल्स सरकारने 2025 मध्ये हा खेळच बंद करायचं जाहीर केलं. मला ते योग्य वाटतं. मात्र ट्रॅक बंद झाले तरी त्यांवरच्या कुत्र्यांना घर लागणारच आहे.

आम्ही केंद्राला होकार कळवलाय. तुम्हीही विचार करत असाल तर घरात ससा किंवा मांजर आहे का, हे त्यांना आधीच सांगा. काही ग्रेहाउंड मांजरासोबत राहतात, काहींच्या बाबतीत तो धोका पत्करूच नये. कुंपण नसलेल्या जागी पट्टा सोडू नका. ताशी साठ किलोमीटरने गेलेला कुत्रा हाकेने परत येत नाही. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत कोट हवाच. भूल द्यायची वेळ आली तर ग्रेहाउंडची सवय असलेला डॉक्टर शोधा. आणि मुलांना बजावून सांगा, की झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आधी लांबून हाक मारायची. केनेलमध्ये झोपेत त्याला कुणी हात लावलेला नसतो. एवढं पाळणं जमणार असेल, तर जरूर आणा.