निवृत्तीची बचत : विश्वास कुणावर, देखरेख कुणाची?

नेपियर टाउन (जबलपूर) : येथील खासगी रुग्णालये, औषधालये आणि दुकानांमधील अनेक कामगारांच्या वेतनातून दरमहा भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापली जाते. ती खात्यात खरोखर जमा होते का आणि जमा झाल्यावर सुरक्षित राहते का, या दोन प्रश्नांवर त्यांचे वार्धक्य अवलंबून आहे. त्यानिमित्त या व्यवस्थेतील देखरेखीचा हा आढावा.

सामान्यतः २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना लागू होते. कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम कापली जाते आणि मालकही तेवढाच हिस्सा देतो. मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के रक्कम १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत जाते. त्यासाठी १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपयांची वेतनमर्यादा ठरली आणि किमान मासिक निवृत्तिवेतन १ हजार रुपये झाले.

निधीचा कारभार केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे आहे. केंद्रीय कामगारमंत्री त्याचे अध्यक्ष असून केंद्र व राज्य सरकारांच्या प्रतिनिधींखेरीज मालक आणि कामगारांचे प्रत्येकी १० प्रतिनिधी त्यात असतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून लेखापरीक्षण होते आणि अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. मात्र वसुली, नोंदी, दाव्यांचा निपटारा आणि कसूरदारांवरील कारवाई ही सर्व कामे एकाच संघटनेकडे आहेत. स्वतंत्र देखरेखीची मागणी होते ती याच कारणाने.

विश्वासाला तडा तीन ठिकाणी जाऊ शकतो. पहिले ठिकाण म्हणजे मालक. कापलेली रक्कम महिना संपल्यापासून १५ दिवसांत भरणे त्याला बंधनकारक आहे. कापूनही ती न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ठेकेदाराने पैसे बुडविले, तरी मूळ आस्थापनेची जबाबदारी संपत नाही. आयुध निर्माणी आणि रेल्वेमुळे ठेकेदारीवर काम करणारा मोठा वर्ग असलेल्या जबलपूरसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द कार्यालय. करोनाकाळात अर्ज झटपट निकाली काढण्यासाठी आगाऊ रक्कम काढण्याचे नियम शिथिल करण्यात आले होते. त्याचा गैरफायदा घेऊन मुंबईतील कांदिवली कार्यालयात बनावट दाव्यांद्वारे कोट्यवधी रुपये काढल्याचा आरोप झाला. २०२१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने या प्रकरणी गुन्हा दाखल केला. कामगारांची सोय वाढवताना अंतर्गत तपासणी सैल पडल्यास काय घडते, हे त्यातून दिसले.

तिसरे ठिकाण गुंतवणुकीचे. उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे हजारो कोटी रुपये दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीत गुंतविण्यात आले. कंपनी अडचणीत आल्यावर त्यातील दोन हजार कोटींहून अधिक रक्कम अडकल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. मध्य प्रदेशातील अनेक वीज कंपन्यांची मुख्यालये जबलपुरात असल्याने येथील कामगार संघटनांनाही या प्रकरणाचा धडा जवळचा वाटावा असा आहे. निधीचे विश्वस्त कोण आणि गुंतवणुकीला मान्यता कुणी दिली, हे सभासदांना वेळीच कळायला हवे.

१ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत आलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना लागू झालेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत जबाबदाऱ्या विभागलेल्या आहेत. नोंदी एका संस्थेकडे, गुंतवणूक दुसऱ्याकडे आणि रोख्यांचा ताबा तिसऱ्याकडे असतो. २००८ मध्ये स्थापन झालेला न्यास सभासदांच्या वतीने त्यावर लक्ष ठेवतो. नियामक प्राधिकरणाला २०१३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला असून तक्रारींसाठी लोकपालाची सोय आहे. अर्थात येथे बाजाराची जोखीम सभासदालाच सोसावी लागते.

अशी वेळ इतर देशांवरही आली आहे. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या १९९१ मधील मृत्यूनंतर त्यांच्या कंपन्यांच्या निवृत्तिवेतन निधीतून कोट्यवधी पौंड गायब असल्याचे उघड झाले. त्यातूनच तेथे १९९५ चा निवृत्तिवेतन कायदा आणि स्वतंत्र नियामक आला.

भारतात भविष्य निर्वाह निधीच्या आदेशांविरुद्धची अपिले २०१७ पासून केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणांकडे सोपविण्यात आली. जबलपूर येथेही असे न्यायाधिकरण आहे. मात्र सामान्य कामगाराची पहिली ढाल त्याचे पासबुक हीच आहे. उमंग ॲपवर ते पाहता येते, तर नोंदणीकृत मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास शिल्लक कळते. वेतनचिठ्ठीतील कपात आणि पासबुकातील नोंद दरमहा ताडून पाहावी. दोन्हींत तफावत आढळल्यास लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. नोकरी सुटल्यावर किंवा आस्थापना बंद पडल्यावर थकबाकी वसूल करणे फार अवघड होते.