कापडगिरण्यांतील व्यवस्थापनाचा प्रयोग

विकसनशील देशांतील कारखान्यांची उत्पादकता कमी का असते, या प्रश्नावरील संशोधनात महाराष्ट्रातील तारापूर व गुजरातमधील उंबरगाव परिसरातील कापडगिरण्यांचा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. निकोलस ब्लूम, अपराजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आदी अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये १७ कंपन्यांत हा प्रयोग सुरू केला. त्यांपैकी ११ कंपन्यांना व्यवस्थापन सल्लागारांचे विनामूल्य मार्गदर्शन पाच महिने मिळाले. उर्वरित कंपन्यांना एकच महिना, तेही केवळ पाहणीपुरते. सुताच्या साठ्याची नोंद, यंत्रांची नियमित देखभाल, कापडातील दोषांचा रोजचा हिशेब, अशा या साध्याच पद्धती होत्या. तरीही पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मालकांनी त्या आधीच का अवलंबिल्या नाहीत? काहींना त्यांची माहिती नव्हती, काहींना उपयोग पटलेला नव्हता. स्पर्धेचा रेटाही पुरेसा नव्हता, कारण चोरीच्या धास्तीने महत्त्वाचे निर्णय घरच्यांच्याच हाती राहत. परिणामी कंपनीचा विस्तार कुटुंबातील पुरुषांच्या संख्येवर ठरे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यानुसार, सुमारे निम्म्या सुधारणा पुढे सोडून देण्यात आल्या होत्या. व्यवस्थापक बदलले, मालकांना वेळ उरला नाही. मात्र मार्गदर्शन लाभलेल्या गिरण्या तेव्हाही इतरांपेक्षा सरस होत्या.