थांबेल त्याचा भाव

सीतादहीच्या दिवशी आजी वावरात कापसाच्या पराटीखाली सात खडे मांडायची, दहीभात शिंपडायची आणि मगच पहिलं बोंड वेचायची. कमरेला ओटी, बोटांची टोकं बोंडाच्या सालींनी चिरलेली.

रात्री ती आजेसासूकडून ऐकलेली गोष्ट सांगे. "समुद्रापल्याड लढाई लागली, अन् इकडं वऱ्हाडात चांदी आली." लढाई अमेरिकेतली, 1861 ते 1865 ची. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून त्यांनी आपल्याकडं धाव घेतली. भाव चढले, लढाई संपल्यावर पडले. पण जोडलेला बाजार काही तुटला नाही. 1870 मध्ये खामगावपर्यंत आगगाडी आली आणि कापसाच्या गाठी थेट मुंबई बंदराकडं निघाल्या. ज्वारीच्या वावरांतही पराटी उभी राहिली. पुढं 1899-1900 चा दुष्काळ पडला. त्याची आठवण निघाली की आजी एवढंच म्हणे, "कापूस का शिजवून खाता येते?"

मी विचारलं, "मग चांदी कोणाच्या घरी आली?"

"ज्याचा माल घरात थांबला, त्याच्या. वेचणारीच्या हाती काय, वेचणीचेच पैसे."

1972 मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. आजोबा बंडीवर गोणपाट पांघरून खरेदी केंद्रासमोर रात्र काढत. एका प्रतीच्या कापसाला लहानमोठ्या सगळ्यांना एकच भाव, याचा त्यांना अभिमान होता. पण चुकारा यायला महिने लागत. ज्याच्या घरी लग्न किंवा आजारपण निघे, तो गावातल्या व्यापाऱ्याला चोरून, रोखीनं कमी भावात माल देऊन मोकळा होई. भाव सारखा होता, कळ काढायची ताकद सारखी नव्हती.

2025 च्या दिवाळीनंतर चुलतभावाकडं गेलो होतो. कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क केंद्र सरकारनं 19 ऑगस्ट 2025 पासून काढलं होतं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, आणि तिथंही मजुरांच्या चुली आहेत, हे मी विसरत नाही. पण आमच्याकडं नवा कापूस घरात येतो तो याच दिवसांत. मध्यम धाग्याचा हमीभाव 7710 रुपये क्विंटल होता. सरकारी खरेदी केंद्रावर मात्र 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. बाजेशेजारी लागलेल्या गंजीत वहिनीनं कोपरापर्यंत हात घातला. कापूस आतून गार होता. वाळवायला जागा नव्हती, वेचणाऱ्या बाया दारात पैशासाठी बसल्या होत्या. तिनं आधी त्यांचे पैसे मोजले आणि दुसऱ्या दिवशी खेडा खरेदीवाल्याला माल देऊन टाकला. गावातल्या मोठ्या घरांचा कापूस मात्र कोठ्यांत पडून होता, उन्हाळ्याच्या भावाची वाट पाहत.

बाजाराची दारं उघडावीत की लावावीत, यावर शहाणी माणसं भांडतात. आजीच्या गोष्टींनी मला शिकवलं ते असं, की दार उघडं असो वा बंद, भाव थांबणाऱ्याचा. म्हणून मागणं आहे ते लहान घराला थांबता येण्याचं: गावात कोरडं गोदाम, ठेवलेल्या मालावर लगेच उचल, आठवड्यात चुकारा आणि भाव चढला की वेचणीतही वाढ.

निघताना वहिनी गंजीची रिकामी जागा झाडत होती. कोपऱ्यात उरलेला मूठभर कापूस तिनं वातींसाठी बाजूला ठेवला.