दासी आणि स्वतंत्र: गलतीपासून बेळगावपर्यंत

ख्रिस्तामध्ये दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही, असे संत पौल गलतीकरांस लिहितो (३:२८). गलती प्रांताला नाव मिळाले ते इ. स. पू. २७८ च्या सुमारास आशिया मायनरमध्ये शिरलेल्या केल्ट लोकांवरून. इ. स. पू. २५ मध्ये तेथे रोमन सत्ता आली.

हे दोन्ही भेद दासीच्या ठायी एकवटत. रोमन कायद्यात दासीचे मूल, पिता स्वतंत्र असला तरी, दासच ठरे. केल्टांच्या आयर्लंडमध्ये ‘कुमल’ म्हणजे दासी. पुढे हाच शब्द मूल्याचे परिमाण झाला व सामान्यतः तीन दुभत्या गाईंइतका मानला गेला. त्याच देशात दास्य भोगलेल्या संत पॅट्रिकने पाचव्या शतकात बंदिवान स्त्रियांचा कैवार घेतला.

आपला इतिहास याहून वेगळा नाही. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होई. व्यभिचाराचा आरोप आलेल्या स्त्रियांनाही सरकारी कुणबीण करीत. पोर्तुगीज गोव्यात ख्रिस्ती घरांतच नव्हे, मठांतही गुलाम होते. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची न्यायालयीन मान्यता गेली. तरीही आमच्याच जिल्ह्यातील सौंदत्तीला देवीला मुली सोडण्याची चाल टिकली. तिच्याविरुद्ध १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात व १९८२ मध्ये कर्नाटकात कायदे करावे लागले.

यावरून कायद्याची गरज दिसते, तशी त्याची मर्यादाही. म्हणून हे वचन शिकविताना आपण परक्यांकडे बोट दाखवू नये; आपल्या घरातील मोलकरीण व सून कोणत्या पंक्तीला बसते, हे आधी पाहावे.