उंटाच्या पाठीवरचे कागद

बूट घट्ट बांधा आणि तोंडावर रुमाल घ्या, धूळ फार आहे. 1829चा उन्हाळा आहे. तुर्कांशी लढणारी रशियन फौज बाल्कनचे डोंगर ओलांडून त्यांच्या एड्रियानोपल शहराकडे निघाली आहे आणि तुम्ही तिच्या अगदी मध्ये सापडला आहात. मागून गाडे रेटताहेत, घोड्यांच्या घामाचा वास नाकात बसलाय आणि पाण्याच्या पखालीपाशी नुसती झोंबाझोंबी चालली आहे.

दवाखान्याच्या तंबूत वाकून शिरा. रक्ताच्या दर्पाने क्षणभर गरगरेल. जखमेवर वाकलेला लांब नाकाचा डॉक्टर म्हणजे व्लादिमिर दाल. त्याचे हात बघा, उजव्यातली सुरी किती सहज डाव्यात जाते! हा आधी आरमारात अधिकारी होता, पण जहाज हललं की त्याच्या पोटात ढवळायचं. समुद्र सुटला आणि तो दोर्पातला जाऊन डॉक्टर झाला.

खरा दाल मात्र तुम्हाला मुक्कामाच्या दिवशी भेटेल. शेकोटीच्या धुराने डोळे चुरचुरतील, तरी सरकून बसा. भोवती कुठल्या कुठल्या प्रांतांतले शिपाई आहेत. एखादी साधी वस्तू दाखवून तो विचारतो, "तुमच्याकडे हिला काय म्हणतात?" एक जण सांगतो, दुसरा हसतो, तिसरा आपल्या आजीचा शब्द पुढे करतो. गलका वाढतो, दाल भराभर लिहीत राहतो. शिकलेल्या माणसाने आपली गावठी बोली एवढ्या मानाने ऐकावी, याचं त्या शिपायांना किती अप्रूप वाटत असेल!

कागद इतके साठलेत की ते वाहायला एक उंट लागतो. एड्रियानोपल दोन मजलांवर असताना चकमक उडते आणि त्या धुमश्चक्रीत उंटच नाहीसा होतो. कपड्यांच्या पेट्याही गेल्या, त्यांचं दालला काही नाही. कागदांसाठी मात्र तो पोरका झाल्यासारखा हिंडतो. साधारण आठवड्याने कोसॅक स्वार शहरात एक उंट ओढत आणतात. पुढे व्हा, गाठोडी उतरवायला हात लावा. कागद शाबूत आहेत!

असेच शब्द जमवत जाऊन तयार झालेला दालचा रशियन शब्दकोश पुढे 1863 ते 1866 या काळात चार खंडांत छापून पूर्ण झाला. त्यात सुमारे 2 लाख शब्द आहेत आणि त्यांपैकी जवळपास 80 हजार त्याने स्वतः जमवलेले आहेत.