मुनाकाताच्या सागरदेवता

जपानच्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, कोरियाकडे जाणाऱ्या प्राचीन सागरमार्गावर, ओकिनोशिमा नावाचे एक बेट आहे. त्याचा घेर अवघा ४ किलोमीटर. परंतु हे सबंध बेटच शिंतो धर्मात देवीचे स्थान मानले जाते. मुनाकाताच्या तीन सागरदेवतांपैकी तागोरीहिमे येथे वास करते. दुसरी, तागित्सुहिमे, वाटेवरील ओशिमा बेटावर, आणि तिसरी, इचिकिशिमाहिमे, मुख्य भूमीवरील मंदिरात. हीच तिसरी देवी पुढे बेंझाइतेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेली आपली सरस्वती, हिच्याशी एकरूप मानली गेली.

या तिघींची जन्मकथा इ. स. ७१२ च्या ‘कोजिकी’ या ग्रंथात आहे. उद्दाम सुसानोओ आपल्या बहिणीस, सूर्यदेवी आमातेरासू हिला, भेटावयास स्वर्गात आला, तेव्हा तिला त्याच्या हेतूविषयी शंका आली. मनाच्या शुद्धतेची पारख व्हावी म्हणून दोघांनी दिव्य केले. सूर्यदेवीने त्याच्या तलवारीचे तीन तुकडे केले, स्वर्गीय विहिरीच्या पाण्यात खळबळून ते चावले, आणि तिच्या उच्छ्वासाच्या धुक्यातून तीन कन्या प्रकटल्या. तलवार सुसानोओची म्हणून कन्याही त्याच्याच ठरल्या. आपल्याला कन्या लाभल्या, यावरूनच आपले मन निर्मळ असल्याचे सिद्ध झाले, असे त्याने सांगितले.

आठच वर्षांनी, इ. स. ७२० मध्ये, सिद्ध झालेल्या ‘निहोन शोकी’च्या मुख्य पाठात मात्र अट नेमकी उलटी आहे. तेथे पुत्र ही शुद्धतेची खूण, आणि कन्या ही मलिनतेची. दिव्य एकच, निवाडे दोन.

ओकिनोशिमावर शुद्धतेचे नियम अतिशय कडक आहेत. बेटावर उतरणाऱ्याने प्रथम विवस्त्र होऊन समुद्रात स्नान करावयाचे, मग तो भर हिवाळा का असेना. तेथे पाहिलेले कोणास सांगावयाचे नाही, तेथील गवताची काडीही आणावयाची नाही. एकच पुजारी दहा दहा दिवसांच्या पाळीने तेथे राहतो. या निर्बंधांमुळेच चौथ्या ते नवव्या शतकापर्यंत देवीला वाहिलेल्या वस्तू जागच्या जागी राहिल्या. १९५४ ते १९७१ या काळातील उत्खननांत ताम्र-कांस्याचे आरसे, कोरियाकडील सोन्याची अंगठी, इराणी काचपात्राचा तुकडा, अशा सुमारे ८०,००० वस्तू उजेडात आल्या.

पण या देवीच्या बेटावर स्त्रियांना पाऊल ठेवता येत नाही. याचे कारण कोणी रजस्रावाचा विटाळ सांगतात, तर कोणी त्या सागरप्रवासाचा धोका. २०१७ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला. त्यानंतर सामान्य पुरुषांचाही प्रवेश बंद झाला, स्त्रियांवरील बंदी मात्र उठली नाही.

ओशिमाच्या उत्तर किनाऱ्यावर दूरस्थ पूजेसाठी एक लहानसे मंदिर आहे. स्वच्छ हवेत तेथून ओकिनोशिमा क्षितिजावर दिसते. स्त्रिया तेथूनच हात जोडतात. ज्या कन्येचा जन्म हाच ‘कोजिकी’ने निर्मळतेचा पुरावा मानला, तिचे दर्शन त्यांना असे दुरूनच घ्यावे लागते.