कागदावरचा घाट

दिवाळी आली की अंगणात मुले मातीचा किल्ला करतात. समजा, तो किल्ला आपण घंगाळात ठेवला, बोट बोट पाणी वाढवीत गेलो आणि दर वेळी पाण्याची कड किल्ल्यावर कोळशाने रेखली. मग वरून पाहावे. एकात एक रेघांची कडी दिसतील. चढ उभा तेथे रेघांची दाटी, उतार सौम्य तेथे त्या विरळ. डोंगर कागदावर उतरविण्याची युक्ती एवढीच. या रेघांना समोच्च रेषा म्हणतात.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ४७ एच/१४ या पत्रकावर आपले गगनबावडे आहे. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर हे जमिनीवरचे एक किलोमीटर. गावाच्या पश्चिमेला कड्याशी रेघांची एकच गर्दी उसळते. तिच्यातून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट वळणे घेत कोकणात उतरतात. येथे सह्याद्री म्हणजे घराचे आढेच! पूर्वेच्या उतारावरचे पाणी कुंभी नदी पंचगंगेला, पंचगंगा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला नेऊन देते. पश्चिमेचे पाणी अरबी समुद्र गाठते.

या वाटांची माहिती पूर्वी उघड्यावर मांडण्याची गोष्ट नव्हती. गगनगड आणि बावडा ज्यांच्या घराण्याकडे आले, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडाची वाट सुगम असू नये, असा विचार आहे. वाट न कळणे हीच गडाची तटबंदी!

इंग्रजांनी उलट मार्ग धरला. वाटा कळाव्यात, सैन्य हलावे, सारा वसूल व्हावा म्हणून त्यांनी १७६७ साली सर्वेक्षण खाते उभारले. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने साखळीने एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत देश मापण्यास आरंभ केला. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. हेच काम करीत उत्तरेकडे जाताना १८२३ साली आपल्या हिंगणघाटास त्याने देह ठेवला.

स्वातंत्र्यानंतरही वाटसरूच्या हाती हे पत्रक सहज पडेना. किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटरांच्या पट्ट्यातील सविस्तर नकाशे संरक्षणासाठी निर्बंधित होते, आणि गगनबावडा त्याच पट्ट्यात येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाचे नकाशे वेगळे आणि जनतेचे वेगळे केले. २०२१ साली बंधने आणखी सैल झाली.

म्हणून वाचकहो, घाट चढणाऱ्याने वा सायकलीने उतरणाऱ्याने नकाशा जवळ ठेवावा, पण गुराख्याला विचारण्यास लाजू नये. कोणता झरा मार्गशीर्षात आटतो, हे त्यालाच ठाऊक! आणि पुढच्या दिवाळीत मुलांपुढे हे पत्रक पसरून म्हणावे, “यंदा गगनगड करा, रेघ दाट तेथे माती उभी लिंपा.”